दुसऱ्याचा कोड वाचण्याचं काम

सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरचं, म्हणजे बिटकॉइनचं नेटवर्क मुख्यतः ज्यावर चालतं त्या सॉफ्टवेअरचं, ०.१६.३ हे व्हर्जन घाईघाईने आलं आणि दोनच दिवसांत त्यामागचं खरं कारण, एक गंभीर बग (कोडमधली चूक), जाहीर झालं, माझं करिअर वळायला लागलं ते तिथून. तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत बँकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, सी प्लस प्लस, जुना कोड, रोजचं रुटीन. बिटकॉइन माझ्याकडे नव्हता आणि घ्यायचा विचारही नव्हता. पण त्या बगचं वर्णन वाचलं आणि तो कोड उघडून बसले ते रात्री उशिरापर्यंत.

बग काय होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बिटकॉइनचा व्यवहार म्हणजे आधी मिळालेली नाणी इनपुट म्हणून द्यायची आणि नवीन आउटपुट तयार करायचे. आता एकाच व्यवहारात तेच नाणं कुणी दोनदा इनपुट म्हणून लावलं तर? ते नाकारायला हवं, आणि तशी तपासणी कोडमध्ये होतीच. पण २०१६ च्या शेवटी ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) तपासताना थोडा वेळ वाचावा म्हणून ती तपासणी त्या ठिकाणी वगळली गेली, पुढे दुसरीकडे हे पकडलं जातंच आहे अशा समजुतीने. ०.१४ मध्ये असा व्यवहार असलेला ब्लॉक आला तर नोड, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्प्युटर, क्रॅश व्हायचा, तेही वाईटच, पण निदान खोटं खरं मानलं जात नव्हतं. मग ०.१५ मध्ये न खर्चलेली नाणी साठवायची पद्धत बदलली आणि काही परिस्थितीत नोड बंद पडण्याऐवजी तो ब्लॉक चक्क मान्य करून पुढे जायला लागला. म्हणजे २ कोटी १० लाख नाण्यांची जी मर्यादा आहे, ज्याच्यावर सगळी इमारत उभी आहे, ती मोडता आली असती. हे शोधलं कोणी, तर awemany या नावाने काम करणाऱ्या बिटकॉइन कॅशच्या डेव्हलपरने, म्हणजे स्पर्धक नाण्याच्या गोटातल्या माणसाने, आणि त्याने त्याचा फायदा न घेता गुपचूप कळवलं. मुख्य नेटवर्कवर तो बग कुणी वापरलाच नाही. सुरक्षेच्या चुकांच्या जाहीर यादीत नोंद सीव्हीई-२०१८-१७१४४ या नावाने आहे, कोणीही वाचू शकतं, आणि डेव्हलपर असाल तर वाचाच.

मला त्यातलं जे लागलं ते वेगळंच होतं. तो बदल करणारे, तपासणारे लोक या क्षेत्रातले सगळ्यात हुशार लोक होते. निष्काळजी कुणीच नव्हतं. तरी जवळजवळ दोन वर्षं तो कोड सगळ्यांसमोर उघडा पडलेला होता आणि दिसला नाही. ओपन सोर्स म्हणजे हजारो डोळे असं आपण म्हणतो, पण खरंच ओळ न ओळ समजून वाचणारे किती असतात हो? बिटकॉइन कोअरच्या रीडमी फाइलमध्येच लिहिलंय की टेस्टिंग आणि कोड रिव्ह्यू हीच अडलेली जागा आहे, बदल सुचवणारे भरपूर, तपासणारे कमी. मी ठरवलं की आपण तपासायला शिकायचं.

ठरवणं सोपं होतं, शिकवणार कोण हा प्रश्न होता. त्या वेळी बिटकॉइन डेव्हलपमेंट शिकायची म्हणजे न्यूयॉर्कला चेनकोड लॅब्स या बिटकॉइनवर काम करणाऱ्या संस्थेच्या रेसिडेन्सीला निवड व्हावी लागायची, नाहीतर एकट्याने डोकं आपटत बसायचं. मे २०१९ मध्ये कोअरचे डेव्हलपर जॉन न्यूबेरी यांनी पीआर रिव्ह्यू क्लब सुरू केला आणि माझ्यासारख्यांना दार उघडलं. पद्धत एकदम साधी. आठवड्याला एक पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल) निवडायची, त्या आठवड्याचा होस्ट आधी नोट्स आणि प्रश्न टाकणार, आणि बुधवारी आयआरसी या चॅटवर तासभर चर्चा, फक्त टाइप करून, व्हिडिओ नाही, चेहरा नाही. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजायचे. घरातली जेवणं-भांडी आवरली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचे. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, तुम्ही पीआर रिव्ह्यू केला का, कन्सेप्ट ॲक, टेस्टेड ॲक का नॅक, म्हणजे कल्पना पटली, चालवून बघून पटलं का पटलंच नाही. आणि नंतरचे प्रश्न इतके नेमके असायचे की नुसती डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचून उत्तर यायचं नाही, ते फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं, कुठलं लॉक धरलेलं असतं, हा व्हेरिएबल रीस्टार्टनंतर टिकतो का, हे सगळं शोधावं लागायचं. एका पीआरचा इतका अभ्यास मी नोकरीत कधीच केला नव्हता. तिथे रिव्ह्यू म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी अप्रूव्ह दाबणं असायचं, आणि मला नाही वाटत बाहेर फार वेगळं असतं.

तिथेच मी कोअरमध्ये योगदान देणाऱ्या अमिती उत्तरवार यांचं काम वाचलं. आडनाव आमच्या लातूर-नांदेडकडे ओळखीचं, त्यामुळे आधी नाव बघून थांबले हे खरंय, पण मग कामच इतकं आवडलं की ते आजही मी शिकवताना उदाहरण म्हणून घेते. प्रश्न असा होता. तुमच्या नोडवरून तुम्ही एक व्यवहार पाठवला, तो ब्लॉकमध्ये जाईपर्यंत तुमचं वॉलेट साधारण दर १५ मिनिटांनी तो परत नेटवर्कवर सांगत राहायचं. पोचला नसेल तर पोचावा म्हणून. हेतू चांगलाच, पण फक्त स्वतःचेच व्यवहार परत परत सांगणारा नोड बाहेरून बघणाऱ्याला ओळखता येतो, बरं का. जो पत्ता सारखं हेच सांगतोय, व्यवहार त्याचाच असणार. नेटवर्कवर पाळत ठेवणारे लोक असतातच आणि त्यांना एवढं पुरतं. उपाय असा केला की मेमपूलने, म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट बघणारे व्यवहार नोड जिथे ठेवतो त्या जागेने, स्वतःच एक यादी ठेवायची, या नोडवरून निघालेले पण अजून कुठल्याच पीअरने (जोडलेल्या दुसऱ्या नोडने) मागून न घेतलेले व्यवहार. एखाद्या पीअरने मागितला की तो व्यवहार पोचला असं धरायचं आणि यादीतून काढायचा. त्यामुळे पहिल्यांदा पोचण्याची खात्री तशीच राहिली आणि वॉलेटचं परत परत सांगणं १५ मिनिटांवरून १२ ते ३६ तासांवर आणता आलं. हे ०.२१ मध्ये आलं, जानेवारी २०२१. बघायला गेलं तर लहानसा बदल, पण त्याच्यामागे हल्ला करणारा काय बघेल, नेटवर्क तुटलं तर काय, नोड बंद पडून चालू झाला तर काय, असा कितीतरी विचार चर्चेत उघडा लिहिलेला आहे. मी ती चर्चा वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला कळलं की या क्षेत्रात सीनियर होणं म्हणजे नक्की काय.

माझं स्वतःचं पहिलं योगदान टेस्टमध्ये होतं. कोअरच्या फंक्शनल टेस्ट पायथनमध्ये आहेत, त्यामुळे सी प्लस प्लस कच्चं असेल तरी तिथून आत शिरता येतं, आणि नोडकडून नेमकं काय अपेक्षित आहे हे टेस्ट वाचूनच सगळ्यात लवकर समजतं. महिनोनमहिने पीआर पडून राहायचा, तोवर मूळ कोड बदलायचा, मग रीबेस करा, म्हणजे आपला बदल नव्या कोडवर परत बसवा, परत वाट बघा. कंपनीत दर दोन आठवड्यांनी डेमो देणाऱ्या माणसाला हे जड जातं. पण मला हळूहळू तो वेग पटायला लागला, अजूनही पटतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर परत घेता येत नाही, कॉल सेंटर नाही, उलट एंट्री टाकता येत नाही, तिथे घाई कशाला?

मग नोकरी सोडायचा विषय आला आणि घरी खरी चर्चा सुरू झाली. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं पण पगार कोण देणार तुला? कंपनीच नाही म्हणतेस."

आणि त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. बिटकॉइनला मालक नाही म्हणजे पगार देणाराही नाही. बिटकॉइन बनवणारा सातोशी साधारण २०११ पर्यंत बाजूला झाला. सुरुवातीला बिटकॉइन फाउंडेशन काही डेव्हलपरना पैसे देत होतं, २०१५ पर्यंत त्यांचे पैसे संपत आले, मग एमआयटीच्या डिजिटल करन्सी इनिशिएटिव्हने काहीजणांना घेतलं. ब्लॉकस्ट्रीम ही कंपनी आणि चेनकोड २०१४ पासून होतेच. २०२० मध्ये न्यूबेरी आणि माइक श्मिट यांनी ब्रिंक काढलं, ते देणग्यांवर चालतं आणि डेव्हलपरना ग्रँट देतं, नवीन लोकांना फेलोशिप देतं. असेच पैसे देणारे ओपनसॅट्स आहे, ह्युमन राइट्स फाउंडेशन आहे, स्पायरल आहे. एका जागी सगळा पैसा नाही, हे मला यातलं सगळ्यात चांगलं वाटतं, कारण उद्या कुणी एकाने हात आखडता घेतला किंवा दबाव आणला तरी काम थांबत नाही. पण डेव्हलपरच्या बाजूने बघितलं तर ग्रँट बहुतेक वेळा वर्षाची असते. वर्ष संपलं की काय केलं ते लिहायचं आणि परत अर्ज. बाबांना मी हे सगळं सांगितलं, त्यांनी विचारलं पीएफ? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "मग तू स्वतः महिन्याला बाजूला टाकत जा, आणि ते मला दाखवत जा." ते आजही दाखवते.

घराचं कर्ज ही वेगळी कथा. सॅलरी स्लिप नाही, कंपनीचं लेटरहेड नाही, परदेशातल्या संस्थेकडून पैसे येतात आणि कामाच्या वर्णनात बिटकॉइन हा शब्द. एका बँकेत तर फाइल पुढेच सरकली नाही. आपल्याकडची परिस्थितीही तशीच हेलकावे खात होती, एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवसायांना सेवा देऊ नका म्हणून सांगितलं, मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, २०२२ च्या बजेटमध्ये नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आला. मी कोड लिहिते, नाणी विकत नाही, पण समोरच्या माणसाला हा फरक प्रत्येक वेळी नव्याने समजावावा लागतो. चांगला सीए शोधा, हा माझा या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिला सल्ला आहे. कोडिंगच्याही आधीचा.

आणि समजावता समजावता मी शिकवायला लागले, असंच झालं ते.

पुण्यात बिटकॉइन म्हटलं की खूप लोकांना गेनबिटकॉइन आठवतं. महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन देऊन लोकांकडून बिटकॉइन गोळा केले गेले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या, पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं. अशाच एका योजनेत आमच्या नात्यातल्या एका काकांचे निवृत्तीचे पैसे गेले. ते शिकलेले, हिशेबाला पक्के, पण त्यांना कुणी एवढंच सांगितलं नव्हतं की बिटकॉइन स्वतः व्याज देत नाही, देऊच शकत नाही, प्रोटोकॉलमध्ये तशी जागाच नाही. नवीन नाणी येतात ती फक्त ब्लॉक बनवणाऱ्याला, सुरुवातीला ५०, दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर निम्मी, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. बास. हे ज्याला एकदा समजलं त्याला महिन्याला १० टक्के ऐकल्यावर लगेच विचारावंसं वाटेल, हे येणार कुठून? म्हणून मी वर्गात किमतीवर बोलत नाही, घ्यावं का विकावं यावर तर अजिबात नाही, कितीही आग्रह केला तरी.

इंजिनीअरिंगच्या मुलामुलींसाठी शनिवार-रविवारचा वर्ग घेते, मराठीतून, शब्द जिथे इंग्रजी आहेत तिथे तेच ठेवून. पहिल्या दिवशी प्रत्येकाने रुपयाचं नाणं काढायचं आणि १२८ वेळा उडवायचं. छाप आला तर १, काटा आला तर ०. मग ११-११ चे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा ० ते २०४७ मधला आकडा येतो, आणि वॉलेटची गुप्त किल्ली ज्यांतून बनते त्या २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून तो शब्द घ्यायचा. ११ शब्द पूर्ण होतात आणि ७ बिट उरतात. बारावा शब्द कसा काढायचा? इथे मुलं अडतात आणि इथेच मजा येते, कारण उरलेले ४ बिट आपण निवडायचे नसतात, ते आधीच्या १२८ बिटांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांच्यापासून गणिताने काढलेल्या ठशावरून, येतात, चेकसम (चूक पकडणारी खूण) म्हणून. एखादा शब्द चुकीचा लिहिला गेला तर बहुतेक वेळा वॉलेट ओळखतं ते याच्यामुळे. दर वर्गात कुणीतरी कंटाळून नाणं न उडवता मनाने १ आणि ० लिहितं, मग आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवतो. मनाने लिहिलेल्यात सलग सहा-सात सारखे आकडे जवळपास कधीच नसतात, खऱ्या नाण्यात येतात. माणसाला रँडम जमत नाही हे त्या वयात स्वतःच्या हाताने बघितलं की पासवर्डपासून सगळ्याकडे बघण्याची नजर बदलते. आणि ते शब्द खऱ्या पैशांसाठी वापरायचे नाहीत, सगळ्यांनी बघितलेत, कागद तिथेच फाडायचा, हेही लगेच सांगते.

दुसऱ्या दिवशी रेगटेस्ट, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवरचं खासगी नेटवर्क. एका कमांडमध्ये १०१ ब्लॉक बनवा, खात्यात ५० नाणी दिसतात. १०० ब्लॉक बनवले तर शून्य. का? मुलं अंदाज करतात, शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की नुकताच बनलेला ब्लॉक साखळी बदलली तर बाद होऊ शकतो, त्यातली नवी नाणी तोवर खर्चून बसलात तर पुढचे सगळे व्यवहार कोसळतील, म्हणून १०० ब्लॉक थांबायचं. हे पुस्तकात एका ओळीचं वाक्य आहे. स्वतः शोधलं की विसरत नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शेकडो जीबीची साखळी डाउनलोड करायला सांगणं शक्यच नाही, म्हणून रेगटेस्ट आणि त्यानंतर सिग्नेट, म्हणजे सगळ्यांचं सरावाचं नेटवर्क, तेवढ्यावर खूप काही होतं.

ओव्हरफ्लोची गोष्टही सांगते. १५ ऑगस्ट २०१० ला ७४,६३८ व्या ब्लॉकमध्ये एका व्यवहाराने १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन तयार केले होते, दोन आउटपुट इतके मोठे की त्यांची बेरीज ६४ बिटमध्ये मावली नाही आणि तपासणीतून सुटली. काही तासांत दुरुस्ती आली, आणि ती साखळी मागे टाकली गेली. इंटिजर ओव्हरफ्लो दुसऱ्या सेमिस्टरला शिकलेली मुलं हे ऐकून सरसावून बसतात, कारण परीक्षेतला प्रश्न असा खरा झालेला त्यांनी पाहिलेला नसतो.

पण माझा सगळ्यात आवडता भाग शेवटच्या शनिवारचा. मी त्यांना २०१८ चा तो बग कोडमध्ये परत घालायला लावते. आपापल्या ब्रँचवर (कोडच्या स्वतःच्या प्रतीवर) ती तपासणी काढायची, बिल्ड करायचं आणि मग अशी टेस्ट लिहायची जी हा बग पकडेल. तपासणी काढणं म्हणजे अगदी लहानसा बदल. टेस्ट लिहायला दिवस जातो, कारण चुकीचा ब्लॉक हाताने बनवावा लागतो, आणि तो बाकी सगळ्या नियमांत बसणारा हवा, नाहीतर भलत्याच कारणाने नाकारला जातो आणि आपली टेस्ट पास झाली असं उगाच वाटतं. एका मुलीची टेस्ट अशीच हिरवी आली. ती खुश झाली नाही. मला म्हणाली, "ताई, हे नक्की त्याच कारणाने नाकारलंय का ते बघूया ना." एररचा मेसेज बघितला, कारण वेगळंच निघालं. मी नोकरीतल्या कित्येक वर्षांत सीनियर लोकांकडून हा प्रश्न ऐकला नव्हता. ती आता एका वॉलेट लायब्ररीत रिव्ह्यू करते आणि तिच्या कमेंट वाचून मी स्वतः शिकते.

म्हणूनच लोक जेव्हा म्हणतात की तू डेव्हलपमेंट कमी करून शिकवण्यात वेळ घालवतेस, तेव्हा मला ते दोन वेगळे कप्पे वाटतच नाहीत. कोअरमध्ये मर्ज करायची, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्यायची, परवानगी मोजक्याच लोकांना आहे, आणि ते मर्ज करतात ते इतरांनी काय तपासलंय ते बघून. तपासणारे वाढले तरच ते काम नीट होणार. आणि तपासणारे फक्त न्यूयॉर्क-लंडनमधूनच का यावेत? जगभरातल्या विद्यार्थ्यांसाठी समर ऑफ बिटकॉइन ही इंटर्नशिप २०२१ मध्ये सुरू झाली, त्यात आपल्याकडची मुलं भरपूर जातात. त्याच वर्षी ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी आणि रॅपर जे-झी यांनी बीट्रस्ट या डेव्हलपमेंटसाठीच्या निधीसाठी ५०० बिटकॉइन बाजूला काढले, सुरुवातीचा भर आफ्रिका आणि भारतावर असं जाहीर करून. बिटकॉइन शिकवणाऱ्या बिटशालाचे अभ्यासगट डिस्कॉर्डवर चालतात, तिथे कमांड लाइनपासून सुरुवात करता येते. मला २०१९ मध्ये यातलं काही असतं तर किती बरं झालं असतं.

आता सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, यात नोकरी मिळते का. खरं सांगते, कोअरवर पूर्ण वेळ काम करणारे जगात फार थोडे आहेत आणि ग्रँट मिळायला आधी वर्ष-दोन वर्षांचं उघडं काम दिसावं लागतं. वॉलेट, लाइटनिंग (बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं नेटवर्क), रस्ट भाषेतल्या लायब्ररी, हार्डवेअर वॉलेटचं फर्मवेअर, इथे जागा जास्त आहेत. म्हणून नोकरी सोडू नका. आठवड्याचे पाच-सहा तास काढा आणि स्वतःचा पीआर टाकायच्या आधी दुसऱ्यांचे वाचा, बिल्ड करा, टेस्ट चालवा, एखादी ओळ मुद्दाम मोडून टेस्ट फेल होते का ते बघा आणि जे दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. समजलं नाही तर काय समजलं नाही ते नेमकं विचारा. टायपो दुरुस्त करणारे पीआर टाकून नाव चमकवायला जाऊ नका, त्याने तपासणाऱ्यांचाच वेळ जातो आणि लोकांच्या ते लक्षात राहतं.

पुढची बॅच गणपतीनंतर सुरू करतेय, पुण्यातच. फी नाही, बिटकॉइन विकत घ्यायची गरज नाही. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि लिनक्स असेल तर बिल्ड सुरळीत होतो, नसेल तर जोडीने बसू. आई-बाबांना शंका असतील तर त्यांनाही पहिल्या तासाला घेऊन या, त्यांच्या प्रश्नांसाठी मी अर्धा तास वेगळा ठेवलेला असतो.